बाईंनी शेवटी बोलायचं

बाईंनी बिस्किटाचा तुकडा दाढेखाली फोडला, जिभेवर घोळवला, नाकातून हळूच श्वास सोडला आणि तो घास कागदी पेल्यात थुंकला. मग कोमट पाण्याने चूळ भरली आणि समोरच्या भिंतीकडे बघत गप्प बसल्या.

टेबलाभोवती बसलेल्यांनीही एकेक करून तेच केलं. खोलीत लाल दिवा लावलेला होता, म्हणजे बिस्किट जास्त भाजलंय की कमी, ते डोळ्यांनी आधीच ठरवून टाकू नये. अत्तर, पावडर, वासाचं तेल असलं काही लावून आत यायला बंदी होती. बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायच्या या खोलीला सगळे ‘सासर’ म्हणत. कितीही चांगलं करून पाठवा, इथे खोट निघायचीच.

“बोला,” बाई म्हणाल्या.

“खराब आहे,” गोदामवाले भाऊ म्हणाले.

“खराब म्हणजे?”

“म्हणजे बेकार. टाकून द्यायच्या लायकीचं.”

“ही तुमची तक्रार झाली, भाऊ. बिस्किटात काय आहे ते सांगा. मी घरी जाऊन कशाला नाक लावलं तर हाच वास सापडेल?”

भाऊंनी डोळे मिटून घेतले. गोदामात वीस वर्षं काढलेला माणूस, पण या खोलीत आला की शाळेतल्या पोरासारखा घामाघूम व्हायचा.

“पुठ्ठा,” ते म्हणाले. “भिजून वाळलेला.”

“आता कसं.”

बाकीच्यांचंही तसंच काहीसं आलं. एकीला जुन्या कपाटाचा तळ वाटला, एकाला वर्तमानपत्रांची रद्दी. सगळ्यांचं झाल्यावर बाईंनी तोंड उघडलं. त्यांचा शब्द कायम शेवटी. प्रमुखाने आधी ‘कडू’ म्हटलं की सगळ्या जिभा कडू होतात आणि मग पाच माणसं बसवण्यात काही अर्थ राहत नाही, हे त्या नोकरीच्या सुरुवातीलाच शिकल्या होत्या. पुढे त्यांनी तो नियमच करून टाकला.

“मलाही पुठ्ठाच,” त्या म्हणाल्या. “नवी खोकी आलीयेत ना? ती थांबवा.”

तेवढ्यात दारावरच्या शिपायाने आत डोकावून सांगितलं, की एक बाई भेटायला आल्यात, पण त्यांच्या अत्तराचा वास इतका आहे की त्यांना कॅन्टीनमध्ये बसवलंय.

कॅन्टीनमध्ये बसलेली बाई पन्नाशीची होती. हातांवर जागोजागी भाजल्याचे जुने डाग, आणि अंगावर मात्र कडक इस्त्रीचे कपडे. चौकातलं धुलाईचं दुकान आपलं, असं तिने सांगितलं. नंतर कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, “मी एका मुलीची मावशी. आईबाप नाहीत तिला, मीच वाढवली. तिचं लग्न ठरलंय. पंधरा दिवसांनी नोंदणी आहे. मुलगा तुमच्या ओळखीचा आहे.”

“कोण मुलगा?”

“म्हणजे... तुमचे पूर्वीचे.”

बाईंनी कप खाली ठेवला. “मुलगा कसला, चाळिशी उलटली त्याची.”

“तेही आहेच,” मावशी म्हणाली आणि थोडी सैल झाली. “पण ते सोडा. मला विचारायचंय की माणूस कसा आहे?”

“तुम्हाला कसा वाटतो?”

“मला फार आवडतो, तेच तर. घरी आला की आधी माझं गुडघ्याचं दुखणं विचारतो. खुर्ची सरकवून देतो. एवढी काळजी तर माझ्या सख्ख्या भावाने कधी केली नाही.” मावशीने आवाज उतरवला. “पण मुलगी गप्प झालीये. पूर्वी जिना चढतानाच तिची बडबड सुरू व्हायची, मला दुकानात ऐकू यायची. आता घरात येते, जेवते, झोपते. लग्न ठरलेल्या मुली गप्प होतात म्हणतात. ही त्यातली आहे की दुसरी, ते मला कळेना झालंय.”

“तिला माहीत आहे तुम्ही इथे आल्याचं?”

“सांगूनच आले. ती म्हणाली, जा, पण शिव्यांचं गाठोडं बांधून आणू नकोस. एकच शब्द आण. पटला तर बघू.” मावशीने चहाचा घोट घेतला. “त्याने तिला तुमच्याबद्दल आधीच सांगून ठेवलंय.”

“काय?”

“वाईट नाही बोलत. म्हणतो, बिचारी गुणी होती, पण खोट काढायचा धंदाच तिचा. घरातही तेच.”

बाईंना हसू आलं, अगदी मनापासून. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवून बघितलं. सासरच्या बाई हसतात हे कारखान्यात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

“हुशार आहे,” त्या म्हणाल्या. “मी वाईट म्हटलं तर त्याचंच खरं झालं. आणि चांगलं म्हटलं तर प्रश्नच मिटला.”

“म्हणून तर एकच शब्द हवाय. नेमका. तिच्या मनाला लागेल असा. लग्नानंतर तो तिला घेऊन दुसऱ्या गावी जाणार आहे. ती लहान मुलांना पोहायला शिकवते, ते सोडायचं म्हणते. पाण्याशिवाय एक दिवस राहिली नाही हो पोरगी.” मावशीचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला. “तुमच्यासाठी ती कुणी नाही, मला माहीत आहे.”

“उद्या दुकानात येते,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला रिकाम्या हाताने नाही पाठवणार.”

असं त्या बोलून गेल्या खऱ्या. दुसऱ्याला शब्द सुचवायचं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. पण घरी जाताना बसमध्ये एकेक शब्द जिभेवर ठेवून पाहिला, तेव्हा एकही टिकेना.

स्वार्थी. हा शब्द कुणाला लावायचा राहिलाय? खिडकीची जागा मिळावी म्हणून त्या स्वतः एक बस सोडून दुसरीने आल्या होत्या. क्रूर. त्याने कधी हात उगारला नव्हता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. रस्त्यावरची कुत्री त्याच्या पायाशी घोटाळायची. दुष्ट हा गोष्टींमधल्या राक्षसांचा शब्द, आणि राक्षसाला शिंगं असतात. मुलगी शिंगं शोधेल, सापडणार नाहीत, आणि ती निश्चिंत होऊन सही करेल.

घरी आई मटार सोलत बसली होती. बाईंनी सगळं सांगितल्यावर तिने परात बाजूला सारली. जावयासाठी शब्द शोधणं हा तिचा जुना उद्योग. घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं समाधान झालेलं नव्हतं.

“एकच? एकात कसा मावेल तो?” ती म्हणाली. “आपलपोट्या म्हण. नको, ते लाडू चोरणाऱ्याला म्हणतात. उलट्या काळजाचा. केसाने गळा कापणारा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा.”

“लोणी तर त्याने मलाच खायला घातलं,” बाई म्हणाल्या.

आईने परात पुन्हा जवळ ओढली. ती गोष्ट तिला माहीत होती.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बाईंना एक सर्दी झाली, आणि सर्दी गेली तरी वास परत आला नाही. कॉफी नाही, धूर नाही, स्वतःचे कपडे नाहीत. ज्याचं पोट नाकावर चालतं त्याने हे कुणाला सांगावं? त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं. त्याने त्यांना जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, येईल परत म्हणाला. मग एका रविवारी त्याने आपल्या कंपनीतले चार लोक जेवायला बोलावले. तो घरं विकायच्या धंद्यात होता, माणसं गोळा करायची त्याला हौस होती. सगळ्यांना पाव आणि लोणी दिलं. बाईंच्या पावाला त्याने स्वतःच्या हाताने लावून दिलं. बाईंनी सबंध पाव खाल्ला. पाहुणे एकमेकांकडे बघत होते.

“कसं आहे?” त्याने विचारलं.

“छान आहे,” बाई म्हणाल्या.

ते लोणी खवट होतं. किती दिवस बाहेर ठेवलेलं होतं कुणास ठाऊक, त्याचा वास टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येत होता. तो हसला, मग पाहुणेही हसले. रात्री म्हणाला, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतेस. पुढच्या आठवड्यात त्याने कारखान्यात साहेबांना फोन केला. काळजीपोटी. बायकोला वास येत नाही, बिचारी सांगत नाहीये, तिला ताण देऊ नका. बाईंची रवानगी पॅकिंगला झाली. त्याची तेव्हा दुसऱ्या गावी बदली व्हायची होती, आणि नोकरी असलेली बायको सोबत आली नसती. वास दोन महिन्यांनी परत आला, खुर्ची परत मिळवायला वर्ष लागलं. नवरा मात्र त्यांनी परत घेतला नाही.

“हीच गोष्ट सांग तिला,” आई म्हणाली. “शब्द कशाला पाहिजे?”

“ती म्हणेल, जुनं भांडण उकरून काढते. आणि त्याच्याकडे या गोष्टीचंही उत्तर तयार असणार. गंमत केली म्हणेल, काळजी केली म्हणेल. दोन्ही दिसायला बरोबरच दिसतं.” बाईंनी चार दाणे तोंडात टाकले. “तुझे सगळे शब्द खरे आहेत गं आई. पण ते ज्याने चाखलंय त्यालाच कळतात. जिने चाखलं नाही तिला तो नुसता आपला राग दिसतो.”

“मग काय करणार आहेस?”

बाईही सोलायला बसल्या. मटार सोलून होईपर्यंत त्यांचा चेहरा पुन्हा कारखान्यातला झाला होता, आणि आईने ओळखलं की हिचं काहीतरी ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात वाफ भरलेली होती. मावशी एका सदऱ्याची कॉलर दाबत होती. बाईंना बघून तिने इस्त्री उभी केली आणि हात पुसले, जणू शब्द हातात घ्यायचा होता.

“शब्द आणला नाही,” बाई म्हणाल्या.

मावशीचा चेहरा पडला.

“ऐका आधी. माझ्या कामात मी शेवटी बोलते. मी आधी बोलले तर बाकीच्यांना त्यांची जीभ वापरताच येत नाही. मी तुमच्या भाचीला आज शब्द दिला, तर तो माझा शब्द असेल. ती तो घेऊन त्याच्यासमोर उभी राहील, तो दोन मिनिटांत तिच्या हातून काढून घेईल. तिला स्वतःला चाखू द्या. मग ती म्हणेल तो शब्द.”

“चाखू द्या म्हणजे? पंधरा दिवस उरलेत.”

“पुरे होतात. तिला म्हणावं, स्वतःची एक दुखरी गोष्ट निवड. खरी. जिच्यात तुझा जीव आहे, तिथली. ती फक्त त्याला सांग, आणि कुणाला सांगू नकोस म्हण. तो काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नकोस, तो गोडच बोलेल. मग गप्प राहा आणि ती गोष्ट कुठून कुठून तुझ्याकडे परत येते ते बघ.”

मावशीने हात पुन्हा पुसले.

“मी शब्द मागितला, तुम्ही गृहपाठ दिलात.”

“हो.”

“आणि गोष्ट परत आलीच नाही तर?”

“तर मी खोटी. तर लग्नाला मला बोलवा, मी येईन.”

हे बाई इतक्या ठामपणे म्हणाल्या की मावशीने पुढे काही विचारलं नाही. इस्त्री पुन्हा कॉलरवर टेकवताना मात्र ती पुटपुटली, “तुमच्यावर काय बेतलं होतं, तेही नाही सांगणार?”

“ते नंतर. त्याचा वास आधी नको.”

त्यानंतर आठवडाभर कुणीच आलं नाही. बाई रोज लाल दिव्याखाली बसत होत्या, खोकी बदलून आली, पुठ्ठा गेला. पण चूळ भरताना त्यांचं लक्ष दाराकडे जायचं. पोरीने प्रयोग केला आणि तो नीट वागला तर? माणसं बदलतात म्हणतात. तसं झालं असेल तर चांगलंच, असं त्या स्वतःला बजावत होत्या, आणि आपल्याला ते चांगलं वाटत नाही याची त्यांना लाजही वाटत होती. भाऊंनी एकदा विचारलंही, “बाई, आज तुमच्या बिस्किटात काही निघालं का?” त्यावर त्या म्हणाल्या, “आपल्या बिस्किटाकडे बघा.”

मग एका संध्याकाळी काम सुटताना फाटकापाशी एक मुलगी उभी दिसली. रुंद खांदे, आखूड ओले केस, आणि दहा पावलांवरून येणारा पोहण्याच्या तलावातल्या औषधाचा वास. बाईंना कुणी ओळख करून द्यावी लागली नाही.

सायकली लावायच्या जागेशेजारी एक बाक होता. दोघी तिथे बसल्या.

“ताई, तुम्ही सांगितलेलं मी केलं नाही,” मुलगी म्हणाली.

बाई तिच्याकडे वळल्या. “का?”

“करायला बसले होते. मावशीने सांगितलं तेव्हा मला तुमचा राग आला. म्हटलं, बघाच आता, करूनच दाखवते. रात्री बसून ठरवायला लागले की त्याला सांगायचं काय. दुखरी गोष्ट शोधायची होती ना. एक सापडली. मग दुसरी सापडली. अशा चार-पाच निघाल्या, काही तर अगदी किरकोळ.” ती बोटांची नखं बघत होती. “आणि लक्षात आलं की यातली एकही मी त्याला सांगितलेली नाही. वर्ष होत आलं आमच्या ओळखीला. मला ताप होता तेव्हा मी त्याला म्हटलं की मैत्रिणीकडे चाललेय. एक मूल माझ्या हातून पाण्यात घाबरलं, मी आठ दिवस झोपले नाही, त्याला म्हटलं की सगळं मस्त चाललंय. कुणी मला सांगितलं नव्हतं की याच्यापासून लपव. मीच लपवत होते, आणि मला पत्ता नव्हता.”

फाटकातून माणसं बाहेर पडत होती, सायकली निघत होत्या.

“मावशीलाही सांगत नव्हते,” मुलगी म्हणाली. “तो तिला विचारतो ना सगळं. गुडघ्यापासून सुरुवात करतो आणि माझ्यावर येतो.”

“मग?”

“मग काय. काल त्याला नाही म्हणून सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“रडला. बराच वेळ. मग मी निघाल्यावर मावशीला फोन केला, की माझी मनःस्थिती ठीक दिसत नाही, त्याला काळजी वाटते.”

“मावशी काय म्हणाल्या?”

“इस्त्री तापलीये, नंतर बोलू, म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर म्हणजे कधी, ते नाही सांगितलं.”

दोघींनाही एकदमच हसू फुटलं. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी पाय सरळ पसरले, जे कारखान्याच्या आवारात त्या कधी करत नसत.

“पण लोक विचारणार,” मुलगी म्हणाली. “आतापासूनच विचारतायत. एवढा चांगला माणूस, का मोडलं? तुमचा शब्द आता तरी सांगा. माझं बोलून झालंय.”

“तुझं अजून झालं नाही. तू गोष्ट सांगितलीस. तो कसा आहे, ते सांग.”

मुलगी विचार करू लागली. तोंडातल्या तोंडात दोन-तीन शब्द तिने चाळले असावेत, कारण ओठ हलले आणि प्रत्येक वेळी मान नकारार्थी गेली.

“ज्याच्यापाशी दुखतंय म्हणून सांगता येत नाही,” ती शेवटी म्हणाली, “असा आहे. पण हा काही एक शब्द नाही.”

बाईंनी ते ऐकलं आणि त्यांना आईचे सगळे शब्द आठवले, मग स्वतःचे, बसमध्ये टाकून दिलेले. यात शिवी नव्हती, राग नव्हता. कुणीही आपापल्या घरी जाऊन, आपल्या माणसासमोर उभं राहून हे तपासून बघू शकलं असतं. इतकी वर्षं या कामात घालवून त्यांना हे सुचलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

“मलाही तेच,” त्या म्हणाल्या.

मुलीने मान डोलावली. ती आता उठेल असं बाईंना वाटलं, पण ती उठली नाही. शेवटची सायकल गेली, शिपायाने फाटकाची एक बाजू लावून घेतली.

“ताई, माझा उजवा खांदा दुखतो,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. पाण्यात हात पूर्ण वर जात नाही. मला भीती वाटते.”

बाई बाकावर तिच्या बाजूला सरकल्या.

“कुठे?” त्या म्हणाल्या. “बोट ठेवून दाखव.”